नातवंडांसंगे कोल्हापूर

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला कोल्हापूर काही नवे नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा तर कोल्हापूर, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे तर कोल्हापूर, चपला घ्यायच्या तर कोल्हापूरच! १९५६ साली राज्यांची सीमा मधे आली, तरी बस्त्याची वाट बदलली नाही. पण गंमत पाहा, इतक्या वेळा जाऊनही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हे शहर निवांतपणे पाहिलेले नसते. काम उरकायचे, शेवटची गाडी गाठायची, एवढेच त्यांचे कोल्हापूर.

माझे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. नोकरीच्या काळात महिन्यातून एकदा तरी त्यांची कोल्हापूरची फेरी व्हायची. तरीही न्यू पॅलेस त्यांना ठाऊक होता तो कॅलेंडरवरच्या चित्रातून. आत पाऊल टाकले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नातवाचे बोट धरून.

भाऊ बेंगळुरूला असतो. त्याची मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. शाळा इंग्रजी, मित्रमंडळींत बेंगळुरूची कन्नड, घरी मोडकीतोडकी मराठी. आमची आई गोकाककडची, कन्नड घरातली. मुले तिला अज्जी म्हणतात आणि बाबांना आजोबा. दर रविवारी फोन होतो. अज्जी विचारते, ‘ऊटा आयता?’ तिकडून ‘हूं’ येते. आजोबा विचारतात, ‘अभ्यास कसा चाललाय?’ पुन्हा ‘हूं’. पुढे गाडी सरकत नाही. माया दोन्हीकडे भरपूर, पण बोलायला विषयच नाही! सीमाभागातल्या किती घरांत आज हेच चित्र असेल. म्हणून या खेपेला ठरवले की, चौघांना घेऊन एक दिवस कोल्हापूर करायचे.

आईने निघण्याआधीच हिशेब मांडला. ‘बेळगावला जायला मला तिकीट नाही, मग कोल्हापूरला पैसे का?’ कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना बसप्रवास मोफत झाला, पण राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत ती सवलत चालत नाही. शेवटी दिवसाची गाडीच ठरवली. अंबाबाईचे दर्शन मात्र या सहलीत घातले नाही. रांगेत मुले कंटाळतात आणि आईचे अर्धे लक्ष मुलांकडे राहते. देवीला ती वर्षातून दोनदा जातेच.

पहिला मुक्काम कणेरी मठ. निपाणीहून येताना हा शहराच्या अलीकडेच लागतो. तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये जुने गाव सिमेंटच्या पुतळ्यांतून उभे केले आहे. शेतकरी, बारा बलुतेदार, त्यांची अवजारे, घरातली कामे सारे काही आहे. पुतळे इतके हुबेहूब की धाकट्याने एकाला हात लावून खात्री करून घेतली. इथे आईला कंठ फुटला. ‘हे जाते, आमच्याकडे बीसुकल्लु. उखळ म्हणजे ओरळु, आणि मुसळ म्हणजे ओनके.’ ओनके म्हणताच भाची थबकली. ‘ओनके ओबव्वाची ओनके?’ चित्रदुर्गाच्या किल्ल्यात हैदर अलीच्या सैनिकांना मुसळाने लोळवणारी ओबव्वा तिला गोष्टीतून माहीत होती, पण मुसळ कांडणारे माणूस आपल्या घरातच आहे हे तिला कुठे ठाऊक? मग अज्जीच्या दोन्ही तळव्यांची तपासणी झाली. घट्टे आता राहिले नाहीत, पण कहाण्या निघाल्या.

तिथून न्यू पॅलेस. मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने आराखडा केलेला हा काळ्या दगडाचा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला. त्याच वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. तेच पुढचे राजर्षी शाहू महाराज. दत्तक जाताना त्यांना दहावे वर्ष लागलेले होते. ‘म्हणजे माझ्याएवढे?’ धाकट्याने विचारले. आजोबा म्हणाले, ‘तुझ्याएवढेच. आणि ते कागल आपण सकाळी ओलांडले ना, तेच.’ शस्त्रे, पेंढा भरलेले वाघ, दरबार हॉलमधल्या रंगीत काचा हे सगळे मुलांनी पाहिलेच. पण त्या दहा वर्षांच्या मुलाला आईची आठवण येत असेल का, हा प्रश्न धाकट्याने गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

दुपारी जेवण आणि तासभर विश्रांती घेऊन खासबागेत गेलो. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले तेव्हा त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले. तशा धर्तीचे हे कुस्त्यांचे मैदान त्यांनी १९१२ साली पुरे केले. मधे हौदा आणि भोवती चढती बैठक, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. इथे वाटाड्या कोण, ते सांगायला नकोच. आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरात तालीम करून १९५९ साली पहिले हिंदकेसरी कसे झाले, हे बाबांनी हातवारे करून सांगितले. खंचनाळे २०२० साली गेले, पण बाबांच्या बोलण्यात ते अजून शड्डू ठोकतात.

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ सालची ही वास्तू ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाली. बाबा तिच्यासमोर जरा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ‘एकदा इथे नाटक पाहण्यासाठी मी शेवटची गाडी सोडली होती.’

‘मग झोपलात कुठे?’ भाचीने विचारले.

‘स्टँडवर. पेपर अंथरून.’

‘आणि अज्जी रागावली नाही?’

‘तिला वखारीत काम होते म्हणून सांगितले.’

आई तिथेच उभी होती! पन्नास वर्षांनी उघड झालेली ही चोरी तिने आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत साजरी केली. मुले पोट धरून हसली. मी इतकी वर्षे बाबांची लेक, पण त्यांना नाटकाचे वेड होते हे मलाही नवेच होते. कारण मी कधी विचारलेच नव्हते. आपण मोठी माणसे आईवडिलांना गोळ्या घेतल्या का, पेन्शन जमा झाली का, एवढेच विचारतो. ‘झोपलात कुठे’ हे विचारायला नातवंडेच लागतात.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाल्ली. मुले काठाने धावत होती आणि आईबाबा बाकावर बसून होते. नाटक कोणते होते, याची चौकशी तेव्हाही चालूच होती.

मंडळी, सुट्टीत नातवंडे येतील तेव्हा आपणही असा एक दिवस काढा. कोल्हापूरच हवे असे नाही, बेळगावचा किल्लाही चालेल. चारपेक्षा जास्त ठिकाणे नकोत. दुपारची विश्रांती चुकवू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कुठे पायऱ्या आहेत याची आधी चौकशी करा. आणि ठिकाणे निवडताना आजी-आजोबांना विचारा, ‘इथले तुम्हाला काही आठवते का?’ आठवत असेल तिथे आधी जा. भाषेची काळजी करू नका. आजीने कन्नडमध्ये सांगावे, आजोबांनी मराठीत आणि नातवंडांनी जमेल तसे विचारावे. आपण गाडीभाडे द्यावे, पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्यात आणि मधे न बोलता ऐकावे.