एकाला फोन, दुसऱ्याला तुरुंग

गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे सिएटलला गेलो होतो. त्याच्या मित्राची छोटी बोट आहे. सॅन हुआन बेटांवरून निघालो, हॅरो सामुद्रधुनी ओलांडली आणि कॅनडाच्या गल्फ बेटांत शिरलो. सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. बेडवेल हार्बरच्या जेट्टीला बोट लावली. कप्तान एकटा उतरला, कॅनडाच्या कस्टम्सला फोन लावला, आम्ही बोटीतच बसून राहिलो. पासपोर्ट, व्हिसे तयार होते. एक नंबर मिळाला, झालं काम.

सगळे फोटो काढत होते. मला मात्र आपल्या डहाणू-तलासरीची पोरं आठवत होती.

पावसाळा सरला की उचल घेऊन ती गुजरातला जातात, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून. बोट मालकाची, सुकाणू तांडेलाच्या हातात. पण रेघ ओलांडली म्हणून पाकिस्तानने पकडलं, की कराचीच्या तुरुंगात जातो तो खलाशी. आपणही त्यांचे मच्छीमार असेच पकडतो, हेही सांगायला हवं.

आणि ती रेघ आहे तरी कुठे? सर क्रीक ही जेमतेम ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी. तिचा वाद मिटत नाही म्हणून पुढची सागरी सीमाही ठरत नाही. दोन सरकारांना जी रेघ ठरवता आली नाही, ती आमच्या खलाशाने रात्रीच्या अंधारात ओळखायची!

सॅन हुआनलाही हेच होतं. १८४६ च्या करारात सीमा मोघम लिहिली गेली. १८५९ मध्ये एका अमेरिकनाने ब्रिटिश कंपनीचं डुक्कर मारलं आणि सैन्यं समोरासमोर आली. मेलं ते फक्त डुक्कर. १८७२ मध्ये जर्मनीच्या कैसरने लवाद म्हणून निकाल दिला, दोघांनी तो मानला. म्हणून आज तिथे फोनवर भागतं.

कुणी म्हणेल, ते मित्रदेश, इथे शत्रू आहे; २६/११ चे अतिरेकी समुद्रातूनच आले. मान्य. पण त्यांनी आधी मारले ते 'कुबेर' बोटीवरचे आपलेच लोक. सुरक्षेची किंमत मच्छीमाराला कुणी शिकवू नये. झडती घ्या, कसून घ्या. पण बोटीत जाळं आणि मासेच निघाले, तर तिला परत फिरवा. तुरुंग कशाला?

नवा कायदाही नको. २००८ चा दोन्ही देशांचा करार आहे: तीन महिन्यांत वकिलातीची भेट, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की महिन्याभरात सुटका. संबंध कितीही ताणलेले असोत, दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या जातात. याद्या जातात, माणसं येत नाहीत. शिक्षा संपूनही आत राहतात. काहींचं तर प्रेतच आलं.

आपल्या आमदार-खासदारांना माझे दोनच प्रश्न. यादीतल्या पालघरच्या किती जणांची शिक्षा संपली आहे, हे तुम्ही दिल्लीला विचारलंत का? आणि पोरं बोटीवर चढण्याआधी त्यांची नोंद ग्रामपंचायतीत का होत नाही?

मौजेसाठी निघालेल्याला सीमेवर फोन पुरतो. पोटासाठी निघालेल्याला निदान माणूस म्हणून वागवा, एवढंच मागणं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण गप्प बसू नका.