दात पांढरे कोणासाठी?

सातारा-सांगलीकडच्या बाईच्या काळ्या दातांवर आजकाल सगळ्यांची नजर आहे. मुलगी बघायला आलेल्यांची आहे, शहरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांची आहे, आणि खेदाने म्हणावे लागते, आपल्या कार्यकर्त्यांचीही आहे. त्या दातांमागच्या बाईकडे मात्र कोणी बघत नाही.

एके काळी सवाष्णी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. ते शोभेचे मानले जाई. आज तेच काळे दात गावंढळपणाची खूण ठरले. रंग बदलला, पण बाईच्या तोंडाचा रंग ठरवण्याचा हक्क आजही तिच्याकडे नाही.

आमच्या भागात हे दात काळे होतात ते मुख्यतः मिश्रीने. तव्यावर काळीभोर होईतो भाजलेली तंबाखू, कुटून डबीत भरलेली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांच्या मोठ्या पाहणीत शंभरातल्या जवळजवळ चाळीस बाया मिश्री लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत शंभरी एकही नाही. पुरुषाची तंबाखू चावडीवर, बाईची चुलीपाशी. म्हणून त्याची ती 'चैन' आणि हिची 'घाण सवय'!

ही सवय लागते कशी? गेली दहा वर्षे मी गटांच्या बैठकांत हे विचारते आहे. तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जाणारी एक मावशी म्हणाली, "सकाळी चा आन् मिश्री झाली की दुपारपत्तर भूक लागत न्हाई." दुसरी म्हणाली, "दाढ ठणकत हुती, सासूनं चिमूट दिली, तवापास्नं." म्हणजे मिश्री हे गरीब बाईचे भुकेवरचे आणि दाढदुखीवरचे औषध आहे. जिथे पोटभर अन्न नाही आणि दाताचा डॉक्टर परवडत नाही, तिथे ती डबी येते. मग गरोदरपणातही सुटत नाही, आणि मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

आता या बाईला दात पांढरे करायला सांगतात. कराडजवळच्या गावातली तेवीस वर्षांची एक लेक सासरहून माहेरी पाठवली गेली. "दात नीट करून या, मग नांदवू," असा निरोप. आईने बचत गटातून कर्ज काढले. खाजगी दवाखान्यात औषध लावून दात उजळवले. मिश्री लावतेस का, हे कोणी विचारले नाही. महिन्या-दोन महिन्यांत रंग परत आला. कर्जाचे हप्ते चालूच राहिले. ज्या सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात परित्यक्ता स्त्रिया हक्कासाठी संघटित झाल्या, त्याच्या शेजारी आज दातांच्या रंगावरून बाई टाकली जाते!

मैत्रिणींनो, यातले साधे शास्त्र आपल्याला ठाऊक हवे. मिश्रीचा, चहाचा डाग बहुतेक वरवरचा असतो. डॉक्टरांनी दात खरवडून घासून साफ केले की पुष्कळसा निघतो. उजळवण्याचे औषध म्हणजे पेरॉक्साइड. ते दवाखान्यात लावतात, किंवा साच्यात भरून घरी लावायला देतात. त्याने दातांना काही दिवस सणके येतात, हिरड्या चुरचुरतात. भरलेल्या किंवा बसवलेल्या दाताचा रंग त्याने बदलत नाही. लहानपणी पाण्यातल्या जादा फ्लोराइडने किंवा काही औषधांनी दाताच्या आतूनच रंग गेला असेल, तर गोष्ट वेगळी आणि अवघड. आणि घरचे उपाय? लिंबू चोळल्याने दाताचे कवच झिजते, विटेची पूड आणि राख दात घासून काढतात. दात पांढरा नाही, पातळ होतो.

पण सगळ्यात भयंकर गोष्ट पुढेच आहे. त्या लेकीचे दात उजळवताना तिची आई बाहेर बाकावर बसून होती. चाळीस वर्षे मिश्री लावणारी. पुढे तालुक्यातल्या तपासणीत तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा सापडला. असा चट्टा कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो. म्हणजे भ्यायचे ते दातावरच्या काळ्याला नव्हे, गालातल्या पांढऱ्याला! काळे चारचौघांत दिसते म्हणून त्यावर कर्ज काढतात. पांढरे दिसत नाही, म्हणून कोणी तोंड उघडून बघत नाही.

कायदा काय करतो? १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण बाजारातून आणून घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला तो कायदा शिवत नाही. १९८२ साली 'युगांतर'च्या फिल्ममध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बाया आपल्या मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या. तंबाखू निवडणारी बाई, भाजणारी बाई, लावणारी बाई. नफा मात्र तिच्यापैकी कोणाचाच नाही.

कोणी म्हणेल, दात पांढरे करावेसे वाटणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. एखादीला स्वतःसाठी मोकळे हसायचे असेल तर जरूर करावे, माहिती घेऊन करावे. माझा विरोध नांदवण्याच्या अटीला आहे. आणि आपल्या शिबिरांतल्या 'शी, किती काळे दात!' या बोलण्यालाही आहे. लाजवल्याने मिश्री सुटत नाही, डबी फक्त पदराआड जाते.

तेव्हा मागायचे ते हे. तीस वर्षांवरील बाईची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. ती कागदावर नको, उपकेंद्रात बॅटरी लावून, तोंड उघडून व्हावी. ग्रामीण रुग्णालयात दात साफ करून मिळावेत, दाढदुखीचा इलाज मिळावा. मिश्री सोडायला मदत मिळावी, उपदेश नको. कराडला, सांगलीला दंतमहाविद्यालये आहेत; त्यांची शिबिरे वस्तीवर आणि ऊसतोडीच्या तळावर यावीत.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढे करावे: बॅटरी न्यावी आणि एकमेकींचे तोंड उघडून बघावे. चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेना, जखम दोन आठवड्यांत भरेना, तर त्या बाईबरोबर दवाखान्यात जावे. दातांच्या रंगाचे नंतर, तिचे तिला ठरवू द्यावे.