नर्सबाईंची वही : पाच दिवस आणि सहा गावं



मागच्या अंकात आम्ही गुडघ्यांविषयी लिहिलं होतं. यावेळी औषधाची गोष्ट नाही, पण पायांची जरूर आहे. आमच्या नातीचं लग्न गेल्या वर्षी सुक्कोथ आटोपल्यावर झालं. मेहंदी झाली, मलिदा झाला, एलियाहू हनाबीच्या कृपेने सगळं नीट पार पडलं. नातजावयाला सुट्टी मिळाली मोजून पाच दिवसांची. तेवढ्यात हनिमून करायचा आणि तोही परदेशी! दोघांनी ठरवलं, स्पेनला जायचं. मुक्काम माद्रिदला आणि रोज सकाळी उठून एकेक जुनं गाव बघून रात्री परत.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघं आमच्या स्वयंपाकघरात यादी घेऊन बसली. तोलेदो, सेगोविया, आविला, कोर्दोबा, सालामान्का, आल्काला. पाच दिवस आणि सहा गावं! त्यातले दोन दिवस तर विमानाचे. आमचे हे चष्मा लावून म्हणाले, "अगं, ही सहल आहे की टपालाची गाडी?"

आम्ही वही काढली. वॉर्डात काम करताना कुठल्या पेशंटला किती वाजता काय द्यायचं याचा तक्ता आम्ही करायचो, तसाच तक्ता मांडला. पोरांचा हिशेब असा की माद्रिदहून तोलेदोची गाडी ३३ मिनिटांत पोहोचते, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण गाडीत बसण्याआधी आणि उतरल्यानंतरही वेळ लागतोच ना! हॉटेलातून अतोचा स्टेशनपर्यंत अर्धा तास. तिथे वेगवान गाड्यांसाठी सामान यंत्रातून तपासतात, म्हणून अर्धा तास आधी हजर राहायचं. तोलेदोचं स्टेशन नदीच्या पलीकडे आणि गाव टेकडीवर, त्यामुळे बसने किंवा चालत वर चढायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं. झाले की जायचेच दोन तास! सेगोवियाची गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चामार्तिन स्टेशनातून सुटते. तीही साधारण अर्ध्या तासात पोहोचवते, पण स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर दूर माळावर आहे. कोर्दोबाला एका बाजूने पावणेदोन तास, आविलाला दीड तास. तक्ता भरला आणि जेवायलासुद्धा जागा उरली नाही.

मग नातीला आम्ही आमच्या हनिमूनची गोष्ट सांगितली. मुलांनो, तुम्हीही ऐका. १९७४ साली आमचं लग्न झालं तेव्हा परदेश कुठला, बीरशेबातून उत्तरेला जायचं हीच मोठी चैन! दोन दिवसांत आम्ही हैफा, अक्को आणि स्फात अशी तीन गावं घेतली. पहिला दिवस धावण्यात गेला. अक्कोचं आम्हाला काय आठवतं म्हणाल तर बसचा थांबा. दुसरा दिवस शुक्रवार. स्फातमध्ये गल्ल्या चुकलो आणि शब्बाथच्या आधीची शेवटची बस निघून गेली. एका म्हाताऱ्या जोडप्याने घरात घेतलं, जेवू घातलं. शब्बाथ संपल्यावर बस बदलत बदलत रविवारी सकाळी ड्यूटीला पोहोचलो ते उशिरा, आणि मोठ्या सिस्टरची बोलणी खाल्ली. पण गंमत बघा, त्या सहलीतलं आज जे लख्ख आठवतं ते त्या घरातलं जेवण आणि खिडकीतून दिसणारा डोंगर. जिथे नाइलाजाने थांबलो, तेवढंच गाव आम्हाला मिळालं.

झालं! यादी कापायला घेतली. सालामान्का गेलं, आविला गेलं, कोर्दोबा आणि आल्काला गेली. दोन गावं उरली. सेगोवियात रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पूल आहे. उंची सगळ्यात जास्त तिथे अठ्ठावीस मीटर, आणि दगडावर दगड चुन्याशिवाय रचलेले! ते बुधवारी ठेवलं. तोलेदो मंगळवारी, कारण तिथलं आपल्या लोकांचं जे मुख्य ठिकाण आहे ते सोमवारी बंद असतं. सोमवार माद्रिदमध्ये रिकामा. गुरुवारी परत, म्हणजे शुक्रवारची धावपळ नको. तक्ता सुरेख दिसू लागला.

तेवढ्यात नातजावई खाली मान घालून म्हणाला, "आजी, तोलेदो काढून टाका."

आम्ही चमकलो. नात तर चिडलीच. "यादीत पहिलं नाव तूच लिहिलंस ना!" आमच्या टेबलावर नव्या जोडप्याचं पहिलं भांडण! मग हळूहळू कळलं. त्याची आजी मोरोक्कोतून आलेली, नव्वदीच्या घरातली. तिचं माहेरचं आडनाव तोलेदानो. मंडळी, आपल्यात पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगावचे ते नवगावकर, तसंच तोलेदोचे ते तोलेदानो. म्हणजे तोलेदोकरच म्हणा ना! ३१ मार्च १४९२ रोजी राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांनी फर्मान काढलं की यहुद्यांनी धर्म बदलावा, नाहीतर देश सोडावा. हजारो कुटुंबं चार महिन्यांत घरदार सोडून निघाली. कोणी पोर्तुगालला, कोणी तुर्कस्तानला, कोणी मोरोक्कोला. तोलेदो सुटलं ते सुटलं, पण नाव पाच शतकं घरात राहिलं. त्या आजीने हनिमूनचा बेत ऐकला आणि एवढंच म्हणाली, "आम्हाला हाकललं, तिथे आता तिकीट काढून जायचं?" त्यावर पुढे कोणी बोललंच नाही.

आम्ही दोघं गप्प झालो. खरं सांगायचं तर हे दुःख आमच्या अनुभवातलं नाही. आपण बेने इस्राएल हिंदुस्थानात पिढ्यानपिढ्या राहिलो आणि आपल्या मर्जीने इकडे आलो, कोणी दार दाखवलं नाही. आम्ही स्वतः १९६९ साली आलो. त्यानंतर १९९४ साली पहिल्यांदा कोकणात गेलो आणि यांच्या आडनावातलं गाव शोधत गेलो. घर नव्हतं, फक्त चौथरा होता. शेजारची एक म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "शनवार तेल्यांचं ना हे? या, बसा, पाणी घ्या." यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका तांब्याभर पाण्यासाठी एवढा प्रवास वसूल झाला. पण नातजावयाच्या आजीला तोलेदोत कोण पाणी देणार होतं? म्हणून "जा, फार छान वाटतं" असं सांगायची आम्हाला हिंमत होईना.

शेवटी आम्ही एवढंच म्हटलं, "बाळा, म्हाताऱ्या माणसाच्या वतीने आपणच ठरवून टाकू नये. तिला विचार. जाऊ नका म्हणाली तर जाऊ नका, तेही बरोबर आहे. पण आधी विचार." वॉर्डातही आम्ही हेच पाहिलं. नातेवाईक बाहेर कुजबुजत ठरवतात की यांना हे सोसणार नाही, आणि आत पेशंट सगळं ऐकायला तयार बसलेला असतो.

तो गेला, विचारलं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जा. मला काही आणू नका."

मंगळवारी दोघं तोलेदोला गेली. गावाला तीन बाजूंनी ताहो नदीचा वेढा, मध्ये टेकडी, आणि सगळीकडे दगडी चढ. एका बाजूला टेकडी चढायला सरकते जिने आहेत, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावं! जुन्या यहुदी मोहल्ल्यात आज दोनच सिनेगॉग उभी आहेत. एक पांढऱ्या खांबांचं आणि घोड्याच्या नालासारख्या कमानींचं, पुढे त्याचं चर्च झालं आणि सांता मारिया ला ब्लांका हे नाव पडलं. दुसरं एल त्रान्सितो, शमुएल हालेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं. तो राजा पेद्रोचा खजिनदार होता. पुढे त्याच राजाने त्याला पकडलं आणि १३६० साली हाल करून मारलं. १४९२ नंतर ही इमारतही ख्रिस्ती पंथाकडे गेली. आज तिथे सेफार्दी लोकांचं संग्रहालय आहे. पण भिंती बोलतात, मंडळी! वर छताजवळ नक्षीमध्ये हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत, तहिलीममधले चरण आहेत. शेकडो वर्षं ती इमारत परक्या हातात होती, तरी अक्षरं राहिली.

नातजावयाने तिथून आजीला फोन लावला, चेहरा दिसतो तो. नात सांगते, त्याने काही न बोलता फोन भिंतीकडे धरला. आजी चष्म्यासाठी धडपडली. मग एकेक अक्षर लावून वाचू लागली. थोडं वाचल्यावर तिला तो चरण ओळखू आला आणि पुढचे शब्द भिंतीकडे न बघताच म्हणाली. ते म्हणून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. नातीला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "बरं. आता काहीतरी खाऊन घ्या."

बस्स, एवढंच. रडारड नाही, भाषण नाही.

आता राहिलं सेगोविया. आम्ही निघताना बजावलं होतं की लग्नातल्या नव्या सँडल घालून दगडावर चालू नकोस. ऐकेल ती नात कसली! तोलेदोहून आली ती दोन्ही टाचांना फोड घेऊन. बुधवारी माद्रिदच्या रेतिरो बागेत दिवसभर झाडाखाली बसून राहिली दोघं. सेगोवियाची तिकिटं वाया गेली. म्हणजे सहापैकी एक गाव पाहून झालं. परत आल्यावर आम्ही विचारलं, वाईट वाटलं का गं? म्हणाली, "आजी, त्या बागेत आम्ही पहिल्यांदाच सावकाश बोललो."

तेव्हा ज्यांची नातवंडं अशा छोट्या सहलीला निघतील त्यांच्यासाठी वहीतून चार ओळी. पाच दिवसांत दोन गावं पुरे. पहिला दिवस रिकामा ठेवा. गाडीची मिनिटं मोजू नका, हॉटेलच्या दारापासून गावातल्या चौकापर्यंत मोजा. संग्रहालय कुठल्या वारी बंद असतं ते निघण्याआधी बघा. जुने जोडे, पाण्याची बाटली आणि फोडांवर लावायच्या पट्ट्या न्या. जवळ चपाती-भाजी किंवा फळं ठेवा, कोशेर मिळेलच असं धरून चालू नका. आणि शुक्रवारची शेवटची बस, मंडळी, शुक्रवारची शेवटची बस!

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या आडनावात 'कर' असेल तर त्याच्या आधी कुठलं गाव आहे ते आजी-आजोबांना विचारा आणि नकाशावर शोधा. सापडलं की आम्हाला कळवा, पुढच्या अंकात गावांची यादी छापू.

सर्वांना शब्बाथ शालोम!