किनाऱ्यावरचं लग्न आणि भरतीचं गणित



किनाऱ्यावरच्या लग्नांना ‘शहरी थेर’ म्हणणारं गेल्या अंकातलं पत्र वाचलं. कुणी कुठे लग्न करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पत्रलेखकांनी खर्चावरच बोट ठेवलं, धोके मात्र राहूनच गेले.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वादशीला साधारण ९ वाजता पूर्ण भरती, म्हणजे रात्रीच्या ऐन पंगतीत पाणी! पौर्णिमेला उधाण असतं, पण संध्याकाळच्या मुहूर्ताला ओहोटी मिळते. तेव्हा गुरुजींइतकंच गावातल्या खलाशालाही विचारावं. गोव्यात मोरजी, आगोंदला कासवांच्या विणीच्या हंगामात झगमगाटही नको.

भाड्याच्या घरांबद्दल तर पत्रात अवाक्षर नाही, आणि खरी लुबाडणूक तिथेच होते. फोटो भलत्याच बंगल्याचे, दर निम्मा, वर ‘आगाऊ आजच भरा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ ही घाई. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर १९८२च्या कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी लागते. तो क्रमांक मागून घ्यावा आणि खात्याकडे पडताळावा. फाटकापासून मोरीपर्यंत घर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगावं. अनामत परत करायच्या निमित्ताने कुणी यूपीआय पिन टाकायला लावला तर फोन ठेवून द्यावा. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

आणि घर लग्नकार्यासाठी घेतोय, मांडव पडणार, किती पाहुणे येणार, हे करारात लिहून घ्यावं. नाहीतर आदल्या दिवशी मालक हात वर करतो.

— एक वाचक, मालवण