सातबाऱ्यावर कंपनीचं नाव, खरा मालक कोण?

तळेगावचं प्रकरण आठवतंय? जनरल मोटर्सचा पुण्याजवळचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने घ्यायचं जानेवारी २०२० मध्ये ठरलं. एप्रिलमध्ये केंद्राने ‘प्रेस नोट ३’ काढली: पैसा सीमेलगतच्या देशाचा असेल, किंवा गुंतवणुकीचा खरा लाभार्थी तिथला असेल, तर आधी सरकारची परवानगी. जूनमध्ये गलवान घडलं. मग परवानगी लटकली ती लटकलीच. डिसेंबरात कारखाना बंद पडला, कामगार रस्त्यावर आले, आणि जून २०२२ मध्ये सौदा मोडला. पुढे जागा ह्युंदाईकडे गेली.

तपासणी हवीच, तिथे वादच नाही. पण खऱ्या मालकाचं नाव फक्त दिल्लीच्या फायलीतच का? आपल्याकडे समृद्धी महामार्गालगत शेत विकलं की सातबाऱ्यावर कंपनीचं नाव चढतं. त्या कंपनीमागे दुसरी कंपनी, तिच्यामागे कोण, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही (त्याला कुणी विचारतही नाही म्हणा). गुप्तचरांचे अहवाल खुशाल गुप्त ठेवा. पण खरेदीखतावर कंपनीमागच्या माणसाचं नाव लिहा, आणि अशा अर्जांवर हो की नाही, ते ठरलेल्या मुदतीत जाहीर करा.