आधी गवंडी वाचवा

किरणोत्सर्गाने पेशी मरते ती डीएनए तुटल्यामुळे, वाचते ती डीएनए सांधल्यामुळे. प्रथिनांचे काय, ती पुन्हा बनवता येतात. एका विद्वानांचे हे प्रतिपादन नुकतेच वाचले. प्रथिनांसाठी त्यांनी दोन ओळी खर्चिल्या आहेत, त्याही उपकार केल्यासारख्या.

तसे असते तर चिवट जीवाचा डीएनए कमी तुटला असता, नाहीतर त्याची हत्यारे तरी न्यारी असती. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू १९५६ साली ओरेगॉनमध्ये, गॅमा किरणांचा मारा केलेल्या मांसाच्या डब्यात सापडला. माणसाचा जीव जायला सुमारे ५ ग्रे इतकी किरणमात्रा पुरते. हा ५,००० ग्रे पचवतो. त्या माऱ्यात त्याच्या डीएनएचे शंभराहून अधिक तुकडे होतात. तितक्याच लांबीचा ई. कोलायचा डीएनए तितक्याच मात्रेत जवळपास तेवढाच तुटतो, पण ई. कोलाय त्याच्या कितीतरी आधीच मरून जातो. मग हत्यारे? १९९९ मध्ये डायनोकॉकसचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा दुरुस्तीची बरीचशी नेहमीचीच सामग्री हाती लागली. आता शेवानेला घ्या. लोहाने भरलेला हा जिवाणू इतक्या अल्प मात्रेत मरतो, की डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याची सरासरी एकही घटना त्याच्या जनुकसंचामागे भरत नाही. मग तो मेला कशाने? विद्वानांच्या लेखात शेवानेलाचे नावही नाही!

असाच एक वाद पूर्वी रंगला होता. डायनोकॉकसचा डीएनए कड्यासारखा घट्ट बसलेला असतो, म्हणून तुटकी टोके जागीच राहतात, असे ठासून सांगितले जाई. कडे नसलेले तितकेच सोशिक भाऊबंद सापडले आणि तो युक्तिवाद लंगडा पडला.

डीएनए सांधणारे रेकए काढले की जिवाणू दुबळा होतो, हा त्या विद्वानांचा हुकमी पुरावा. रेकए प्रथिनच आहे. गवंडीच जायबंदी झाले तर पडलेली भिंत उभारणार कोण? आणि नवी प्रथिने बनवणारी यंत्रणाही प्रथिनांवाचून हलत नाही.

सोशिक जिवाणूंत मँगनीज भरपूर असते, लोह त्यामानाने कमी. फॉस्फेट आणि छोट्या पेप्टाइडांच्या संगतीने मँगनीज सुपरऑक्साइड या ऑक्सिडीकारक रेणूला निकामी करते आणि विकरे, म्हणजे हीच गवंडी प्रथिने, ऑक्सिडीकरणापासून वाचतात. खाद्यातले मँगनीज घटवले की सोशिकताही घटते. २०१२ मध्ये तर अशाच मँगनीज-पेप्टाइड मिश्रणात रोगजंतूंवर किरणे सोडली गेली: जनुके मोडली, जंतू मेले, आणि लशीला लागणारी प्रथिने शाबूत राहिली.