अँटिमनी महागले, तर ई-रिक्षावाल्याने काय करायचे?

मरोद्यात तुम्ही ई-रिक्षा चालवत असाल किंवा घरी पाणी भरायची इन्व्हर्टर बॅटरी असेल, तर अँटिमनी तुमच्या दारात आधीच आहे. बातम्यांत सध्या हे नाव वारंवार येते. त्याचा तुमच्या खिशाशी काय संबंध, ते पाहू.

अँटिमनी म्हणजे काय?
हा चांदीसारखा चकाकणारा, पण ठिसूळ धातू आहे. सुमारे ६३० अंश सेल्सिअसला तो वितळतो. स्टिबनाइट या खनिजापासून तो मिळतो. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘सुरमा’ असे लिहिलेले सापडते; मात्र बाजारातल्या सुरम्यात आज पुष्कळदा शिशाचे संयुग असते. तो बाळाच्या डोळ्यांत घालू नका.

शिसे मऊ असते. त्यात थोडे अँटिमनी मिसळले की ते कडक होते आणि बॅटरीच्या आतली जाळी टिकते. आग लवकर न पकडणारे प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्यांचे पॉलिएस्टर आणि दारूगोळा यांतही अँटिमनी लागते.

आता चर्चा का?
जगातल्या खाणींतून निघणाऱ्या अँटिमनीचा जवळपास निम्मा वाटा चीनचा आहे. चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थांबवली. त्या वर्षात जागतिक दर सुमारे तिप्पट झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज भिलाईच्या कारखान्याला जवळून मिळते. अँटिमनीचे तसे नाही. भारताला ते मुख्यतः बाहेरून आणावे लागते.

म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत अँटिमनी आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. त्याचा खर्च १६,३०० कोटी रुपये आहे. शोध, खाणकाम, प्रक्रिया आणि भंगारातून धातू परत मिळवणे ही त्याची कामे.

या अभियानात तुम्हाला पैसे मिळतील का?
थेट नाही. त्यात घरटी मदत किंवा वैयक्तिक अर्ज नाही. ‘खनिज योजनेचा फॉर्म भरून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

बॅटरी किती महागेल?
जाळीच्या १०० किलो मिश्रधातूत अँटिमनी साधारण दोन ते पाच किलोच असते. म्हणजे अँटिमनी तिप्पट झाले तरी बॅटरी तिप्पट होत नाही. बॅटरीची किंमत मुख्यतः शिशावर ठरते. दुकानदार ‘चीनमुळे’ म्हणून मोठी वाढ सांगत असेल, तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि पक्के बिल घ्या.

जुनी बॅटरी आली की काय करायचे?
तिच्यातले शिसे आणि अँटिमनी वितळवून पुन्हा वापरता येते. म्हणून जुन्या बॅटरीला किंमत आहे.
१. बॅटरी समोर वजन करून द्या. नवी घेताना जुनीची वजावट बिलावर लिहून घ्या.
२. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायची.
३. घरी फोडू नका, शिसे चुलीवर वितळवू नका, आम्ल नालीत ओतू नका. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. चार पैसे जास्त मिळतील म्हणून हा धोका पत्करू नका.

नवी ई-रिक्षा घेणार असाल, तर एक गोष्ट आधी तपासा. १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अनुदान प्रगत बॅटरीच्या गाड्यांसाठी ठेवले गेले. शिसे-आम्ल बॅटरीची गाडी त्यात बसत नाही. विक्रेत्याने अनुदानाचे नाव घेतले, तर ते सध्या चालू आहे का आणि गाडीत बॅटरी कोणती, हे दोन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.